वॉशरचे पैसे कोण देणार?

परवा लंडनहून भाच्याचा फोन. त्याची नि चार मित्रांची एक छोटी संस्था आहे, आफ्रिकेतल्या गावांत पाण्याचे पंप बसवायला वर्गणी गोळा करते. "मामा, तुझे किती लिहू?" मी विचारलं, "दुरुस्तीला किती ठेवलेत?" तिकडे शांतता.

'प्लेपंप' आठवतोय? मुलांनी चक्रावर बसून खेळायचं, की पाणी वर! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले. एक पंप १४,००० डॉलरचा, साध्या हातपंपाच्या चौपट. एका ब्रिटिश दैनिकाने हिशेब मांडला, ठरलेलं पाणी काढायला पोरांना रोज २७ तास खेळावं लागेल! मोझांबिकमध्ये कित्येक पंप नुसतेच उभे राहिले.

आपल्या सोलापूरच्या पंपावरून घडलेला 'इंडिया मार्क टू' आफ्रिकेत पोचला, टिकला. पण वॉशर झिजला की तोही बसतोच. आणि फोटो पंपाचा निघतो, वॉशरचा नाही... म्हणून वॉशरला कोणी पैसे देत नाही. दोष संस्थेचा आहेच, पण आपला जास्त.

भाच्याला म्हटलं, दहाऐवजी सहाच पंप बसवा. उरलेल्यातून सुटे भाग आणि गावातलाच एक मिस्त्री तयार करा, मग माझे लिही. रागावलाय. असो. तुमच्याकडे कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर तुम्हीही हेच विचारा.