गेममुळे वाचन सुटत नाही



‘अद्भुतकथा आणि गेम मुलांना वास्तवापासून पळायला शिकवतात,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. ‘द विचर’ या अद्भुतकथांच्या मालिकेचेच पाहा. पोलिश लेखक अंजेय सापकोव्स्की यांची या मालिकेतली पहिली कथा १९८६ साली मासिकात छापून आली. तिच्यावरचा पहिला गेम आला २००७मध्ये. २०१५च्या तिसऱ्या गेममध्ये बायकोला मारहाण करणारा दारुडा सरदार भेटतो. गर्भातच गेलेल्या आपल्या बाळाला हातांवर घेऊन, नाव ठेवून, त्याला ते उंबऱ्याखाली पुरावे लागते. याला पलायन कसे म्हणावे? या गेममुळे जगभरचे असंख्य खेळाडू मूळ पुस्तकांकडे वळले. पालकांनी गेम हिसकावण्यापेक्षा त्यामागचे पुस्तक मुलांना आणून द्यावे.

— एक वाचक, सांगली