हवेवर चालणाऱ्या यंत्रांचे वंगण

कातळावरील बागाईतदारास प्रथम दगडाशी झुंजावे लागते व मग मातीशी. हेदवी, वेळणेश्वर व एकंदर गुहागर तालुक्याच्या सड्यावर ज्याने आंब्याची किंवा काजूची बाग उठविली आहे, त्यास हे निराळे सांगावयास नको. हापूसच्या कलमांत दहा-दहा मीटरांचे अंतर व प्रत्येक कलमास एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा ही रूढ पद्धत घेतली, तरी एका हेक्टरास शंभर खड्डे व शंभर घनमीटर उत्खनन होते. त्यात विहिरीची भर घालावी. वरचा जांभा फोडावा, त्याखालील चिकण मातीचा थर उपसावा, आणि मग काळा पाषाण लागला म्हणजे सुरुंगावाचून गत्यंतर नाही. हे सारे काम दिवाळीनंतर आरंभून मृगाच्या आत उरकावयाचे असते. कारण पाऊस एकदा सुरू झाला, की अर्धवट खणलेली विहीर चार महिने तशीच पडून राहते.

सपाट सड्यावर आता उत्खननाची मोठी यंत्रे फिरतात व ती पुष्कळ काम करितात. परंतु पाखाडीच्या वाटेने जेथे जावे लागते अशा आगरात, उतारावरील वाडीत, अथवा चाळीस फूट खोल विहिरीच्या तळाशी ती उपयोगी पडत नाहीत. तेथे ट्रॅक्टरवरील कॉम्प्रेसर व त्याच्या नळीस जोडलेला जॅकहॅमर हाच आधार होय. हे यंत्र बहुधा भाड्याने येते. ते आले म्हणजे जमीनमालक घड्याळ पाहतो, डिझेल पाहतो, मजुरांची संख्या पाहतो. परंतु यंत्रास वंगण मिळते की नाही, हे पाहणारा मालक क्वचित आढळतो. आमचे म्हणणे असे, की भाड्याच्या यंत्राचे वंगण ही जमीनमालकाचीही जबाबदारी आहे, आणि ती टाळल्याने होणारा खर्च अखेरीस त्याच्याच पदरी पडतो.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. हेदवीच्या बामणघळीत भरतीची लाट शिरते, तेव्हा अरुंद वाटेत कोंडल्यामुळे तिचे पाणी किती उंच उसळते हे आपण पाहिलेच आहे. कोंडलेल्या जोरास वाट मिळाली म्हणजे तो काम करितो, हेच येथील तत्त्व. कॉम्प्रेसर हवा दाबून दर चौरस सेंटीमीटरास सहा ते सात किलो एवढा दाब तिच्यात आणितो. ती हवा नळीवाटे हातोड्यात शिरून आतील पोलादी दट्ट्या खालीवर फेकते, आणि तो दट्ट्या पहारीच्या माथ्यावर दर मिनिटास सुमारे २,००० घाव घालतो. शिवाय प्रत्येक घावाबरोबर पहार थोडी थोडी फिरविण्याची योजना आत असते. हवेच्या मोटरीत दट्ट्याऐवजी पाती असून ती गोल फिरतात. परंतु पोलाद पोलादावर घासते हे दोहोंतही समानच आहे.

ही विद्या नवी नव्हे. बोरघाटातील लोहमार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात झाला, तेव्हा तेथील बोगद्यांची भोके हातांनीच पाडावी लागली. त्याच सुमारास युरोपात आल्प्स पर्वतातील फ्रेजुस बोगद्याचे काम चालू होते. तेथे १८६१ पासून हवेची यंत्रे लागली व १८७१ साली तो मार्ग खुला झाला. आपल्या जिल्ह्यात कोकण रेल्वेचे काम १९९० साली निघून १९९८ साली सबंध मार्ग सुरू झाला. त्यातील करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा मोठ्या कामांवर यंत्रास तेल घालण्याचे काम नेमून दिलेले असते. आपल्या विहिरीवर ते कोणाचेच नसते, हाच काय तो फरक.

आता वंगणाविषयी. मोटारीच्या इंजिनास तेलाची टाकी असते. तेच तेल आत फिरत राहते. हवेच्या हातोड्यात असा साठा बहुधा नसतो, आणि असला तरी तो अल्प असतो. आत येणारी हवा जे तेल बरोबर आणील तेवढेच त्याचे वंगण, आणि ते वापरले गेले की हवेबरोबर बाहेर निघून जाते. म्हणून नळीच्या वाटेत एक तेलपात्र जोडावे लागते. त्यास कारागीर लोक ऑइलर म्हणतात. हवा त्यातून जाताना थोडे तेल ओढून घेते व त्याचे बारीक कण करून पुढे नेते. कॉम्प्रेसरमध्ये तेल भरलेले आहे, मग निराळे कशास, असे पुष्कळ जण विचारतात. कॉम्प्रेसरचे तेल कॉम्प्रेसरसाठी असते. ते हवेतून वेगळे काढून पुन्हा आतच ठेवण्याची तेथे योजना असते. तेव्हा त्याच्या भरवशावर हातोडा चालविणे म्हणजे शेजाऱ्याच्या जेवणाने आपले पोट भरेल असे मानणे होय.

किनाऱ्यावर ह्या कामात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. ३० अंश सेल्सिअस उष्णतामानाची एक घनमीटर हवा फार तर सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. आपल्या दमट हवेत समजा त्यापैकी २४ ग्रॅम आहे. ती हवा दाबून अष्टमांश केली व पुन्हा निवाली, म्हणजे तिच्यात चार ग्रॅमांच्या आतच बाष्प मावते. उरलेल्या वीस ग्रॅमांचे पाणी होते. दर मिनिटास १०० घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासास सुमारे १७० घनमीटर हवा दाबतो. हिशेब केला तर तासास तीन लिटरांहून अधिक पाणी होते. त्यातील काही टाकीत उतरते, काही नळीत, व राहिलेले यंत्रात जाऊन तेथील तेल धुऊन टाकते. शिवाय हवा पसरताना थंड होते, त्यामुळे यंत्राच्या आत ओल अधिकच सुटते. खाऱ्या वाऱ्याच्या गावी अशा ओल्या पोलादास एका रात्रीत गंज धरतो. म्हणून टाकीच्या तळाची तोटी दिवसातून अनेकदा उघडून पाणी सोडणे हे वंगणाइतकेच महत्त्वाचे आहे.

ह्याच कारणाने तेलही वाटेल ते चालत नाही. खडक फोडणाऱ्या यंत्रांसाठी निराळे तेल मिळते. ते चिकट असून पाण्यात धुऊन न जाता पोलादास धरून राहते व घावाचा दाब सोसते. आपल्याकडील उन्हाळ्यात डब्यावर १०० किंवा १५० अंक असलेले तेल मोठ्या हातोड्यास योग्य. लहान हत्यारांस ३२ अंकाचे पातळ तेल लागते. इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून ओतणारे लोक आहेत. त्यात काजळी व धातूची कणी असते, ती झडपांस खाते. खोबरेल थंड हवेने गोठते, आणि खाद्य तेले कालांतराने चिकट होऊन झडपा धरतात. डिझेल अथवा रॉकेल तर नळीत कधीही घालू नये. त्याने असलेले वंगण धुऊन जाते, आणि त्याची वाफ गरम दाबलेल्या हवेत पेट घेण्याचा धोका असतो. चार पैसे वाचविण्यासाठी असे केले, तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत व्हावयाची.

तेलपात्र कोठे जोडावे, ह्या बाबतीत विहिरीवर मोठी चूक होते. ते कॉम्प्रेसरच्या तोंडाशी वर बांधून ठेवितात व शंभर फूट नळी खाली सोडितात. तेलाचे कण वाटेतच नळीच्या अंगास चिकटतात आणि तळाशी यंत्र कोरडे चालते. वरच्या माणसास मात्र तेलपात्र रिकामे होताना पाहून समाधान वाटते. पात्र यंत्रापासून तीन-चार मीटरांच्या आत असावे, त्यावरील बाण हवेच्या दिशेने असावा, व भरण्यापूर्वी हवा बंद करून दाब सोडून द्यावा. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यास विद्वत्ता नको. पहारीचा यंत्रात जाणारा शेंडा तेलाने ओलसर दिसला पाहिजे, आणि हवा बाहेर पडण्याच्या भोकासमोर कागद धरला असता त्यावर पातळ डाग उमटला पाहिजे. शेंडा कोरडा किंवा निळसर तापलेला दिसला, तर काम तत्काळ थांबवावे.

अधिक तेल म्हणजे अधिक चांगले, असेही मात्र नव्हे. विहीर ही कोंडलेली जागा असते. तेथे तेलाचे धुके झाले, तर ते खालच्या मजुराच्या श्वासात जाते व राहिलेले पाण्यावर उतरते. आणि तेच पाणी उद्या आपल्या घरी प्यावयाचे असते. म्हणून काम संपल्यावर विहीर एकदा पुरती उपसून टाकावी व मगच पाणी पिण्यास घ्यावे. त्याचप्रमाणे कूपनलिकेतून हवेच्या जोराने पाणी चढवावयाचे असेल, तेव्हा वाटेत तेलपात्र मुळीच नको. तेथे पाण्याखाली फिरणारा भागच नसतो, आणि तेल गेले तर ते सरळ हंड्यात येते.

ह्यावर असे म्हणतील, की यंत्र ठेकेदाराचे. ते झिजले तर त्याचे झिजेल, आम्ही का काळजी वाहावी? भाडे तासावर असेल, तर उत्तर उघड आहे. कोरडा दट्ट्या जड चालतो, हवा झिजलेल्या फटींतून गळते, घाव हलका पडतो, आणि तेवढेच भोक पाडावयास अधिक तास लागतात. ते तास आपण मोजून देतो, डिझेलही बहुधा आपणच भरतो. भाडे फुटावर ठरले असले, तरी वैशाखात यंत्र अडकून बसल्यास दुसरे मिळेपर्यंत पाऊस येतो. ते नुकसान ठेकेदाराचे नव्हे. आणि ह्या सर्वांहून मोठी गोष्ट मजुराची. झिजलेले यंत्र हातांस अधिक हादरे देते, आणि वर्षानुवर्षे असे हादरे सोसणाऱ्यांची बोटे बधिर व पांढरी पडतात. तो मजूर आपल्याच वाडीतला असतो. आपल्या आजोबांच्या वेळी रहाट करकरू लागला, की गड्यास न सांगता घरधनी स्वतः तेलाची वाटी घेऊन उठत असे. जॅकहॅमर असा करकरत नाही. त्याच्या गर्जनेत त्याचे दुखणे ऐकू येत नाही. म्हणून येथे कानांवर न विसंबता नियमावर विसंबले पाहिजे.

तेव्हा आपल्या संघाच्या सभासदांपुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. पहिली, भाड्याच्या करारात वंगणाचे कलम घालावे: तेलपात्र जोडल्यावाचून यंत्र सुरू होणार नाही, आणि तेल मालकासमक्ष भरले जाईल. दुसरी, संघाने खडक-यंत्राचे तेल घाऊक आणून भांडारात ठेवावे व दोन-तीन तेलपात्रे स्वतःच्या मालकीची घेऊन सभासदांस कामापुरती द्यावी. म्हणजे ठेकेदारास सबब उरणार नाही. तिसरी, प्रत्येक वाडीतील एका तरुणास हे काम शिकवून घ्यावे. नळी जोडण्यापूर्वी हवेने झाडून धूळ घालविणे, टाकीचे पाणी सोडणे, शेंड्याची परीक्षा करणे, आणि सायंकाळी यंत्राच्या तोंडात थोडे तेल ओतून ते क्षणभर चालवून मग तोंड बंद करणे, एवढेच हे शिक्षण आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षणवर्गांत ह्या विषयास एक दिवस द्यावा, अशी विनंतीही संघाने करावी. सुरुंग उडविणे हे परवानाधारकाचेच काम असून त्यात कोणी हात घालू नये. परंतु त्यापूर्वीचे भोक पाडणे नीट होते की नाही, हे पाहण्याचा हक्क व कर्तव्य जमीनमालकाचे आहे.

ह्या सर्वांस लागणारा पैसा एका दिवसाच्या भाड्याच्या मानाने थोडा आहे. येत्या हंगामातील करार होण्यापूर्वी संघाच्या सभेत हा विषय यावा व निदान पहिली सूचना तरी ठरावाने संमत व्हावी, अशी आमची सभासदांस विनंती आहे.