पाठलाग पुरे, प्रश्न हवा

भविष्यकाळातून मारेकरी यंत्र येते आणि माणसाच्या पाठीस लागते, एवढ्या कथाबीजावर ‘टर्मिनेटर’ ही चित्रपटमाला १९८४ पासून २०१९ पर्यंत सहा चित्रपट चालली. १९९१ च्या दुसऱ्या चित्रपटात जेम्स कॅमेरॉन यांनी त्याच रूपाच्या यंत्राला रक्षक केले. ती कलाटणी खरोखर नवी होती. पुढे यंत्रे बदलली, पाठलाग मात्र तोच राहिला.

नावीन्याची एक संधी २०१९ च्या चित्रपटात चालून आली होती. मेक्सिकोतील मोटार कारखान्यात नायिकेच्या भावाच्या जागी यंत्र उभे केले जाते आणि ती वरिष्ठांना जाब विचारते. थेरगावात बिऱ्हाड करून चाकणला पाळीवर जाणारा आणि वेल्डिंग करणारे यांत्रिक हात नित्य पाहणारा कामगार हा प्रसंग परका मानणार नाही. परंतु काही मिनिटांतच मारेकरी अवतरतो आणि तो प्रश्न कारखान्यातच राहून जातो.

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. वेठीच्या कामाला असलेल्या चेक शब्दापासून तो बनला आहे. म्हणजे ही गोष्ट मुळातच श्रमाची होती. यंत्र माणसाला ठार करील काय, हा प्रश्न पडद्यावर आता शिळा झाला. यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि रिकाम्या झालेल्या हातांना कोणते काम मिळणार, हे विचारणारी विज्ञानकथा आजही ताजी ठरेल. ती मागण्याचा अधिकार औद्योगिक पट्ट्यातील प्रेक्षकाइतका दुसऱ्या कोणाला असणार?