एक औषध, दोन मापे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंतवाडीस आयुर्वेद महाविद्यालय. दोहोंकडे प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेने मिळतो; पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच देते. परंतु अभ्यासक्रम निराळे, प्रश्नपत्रिका निराळ्या आणि परीक्षकही निराळे. तेव्हा शंभरांपैकी साठ गुणांचा अर्थ दोन्हीकडे एकच, असे म्हणता येत नाही.

यात वावगे काही नाही. चरक-सुश्रुतांच्या विद्येला तिचीच कसोटी हवी. प्रश्न उद्भवतो तो अधिकार सामायिक झाल्यावर. आयुर्वेदाच्या पदवीधरांस आधुनिक औषधे देण्याची मुभा महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. 2014 साली कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांसही ती मिळाली. त्यांच्या नोंदणीवरून 2025 मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. या वादात पदव्यांच्या प्रतिष्ठेची चर्चा पुष्कळ झाली. रोगी मात्र मागे पडला.

देवबागच्या मच्छीमारास रात्री ताप चढला, तर जो डॉक्टर जवळ असेल त्याच्याच दारी तो जाणार. मात्रा चुकली तर औषध कोणाची पदवी पाहून क्षमा करीत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, जे औषध सर्वांनी लिहावयाचे, त्याची परीक्षा सर्वांची एकच असावी : तीच प्रश्नपत्रिका, तेच परीक्षक, तीच उत्तीर्णतेची रेषा. 2019 व 2020 च्या केंद्रीय कायद्यांनी प्रत्येक पद्धतीस स्वतंत्र अंतिम परीक्षा सांगितली आहे. तीत एवढा भाग सामायिक ठेवणे अशक्य नाही. समान अधिकार मागणाऱ्यांनी समान कसोटीस कचरू नये. आणि त्या कसोटीस उतरलेल्यास इतरांनी कमी लेखू नये.