विज्ञानाची ओळख : मोटार फिरते ती कशी?



नांदगाव पेठच्या एम.आय.डी.सी.त आपल्या वस्त्यांतली मुले कामाला जातात. कापडाच्या गिरणीत कोणी हेल्पर, कोणी मशीनवर. दिवसभर मोटार कानाशी घुमत असते, पण ती फिरते कशी, हे विचारले तर उत्तर येते, "लाईनवर फिरते." एवढ्यावर हेल्परचे काम भागते, मेकॅनिकचे भागत नाही. म्हणून या वेळी आम्ही मोटारीचा विषय घेतला आहे.

कारखान्यात सर्वांत जास्त चालते ती इंडक्शन मोटार. तिचा बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेचे वाइंडिंग असते. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. नवल असे की, वीज फक्त स्टेटरला जोडलेली असते. मग रोटर कसा फिरतो?

थ्री-फेज विजेचे तीन प्रवाह एकामागून एक जोरावर येतात. त्यामुळे स्टेटरमधले चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. ते रोटरच्या सळ्यांवरून जाते तेव्हा सळ्यांत आपोआप वीज निर्माण होते आणि रोटर त्या क्षेत्रामागे धावू लागतो. पण त्याला तो कधी गाठत नाही. गाठले तर सळ्यांतली वीजच संपेल. आपल्या ५० सायकलच्या विजेवर चार पोलच्या मोटारीचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, मोटारीच्या पाटीवर मात्र १४४० च्या आसपास आकडा असतो. या फरकाला स्लिप म्हणतात. निकोला टेस्ला यांना या मोटारीचे पेटंट १८८८ साली मिळाले.

थ्री-फेज मोटारीचे मुख्य प्रकार दोन. पहिली स्क्विरल केज. हिचा रोटर पिंजऱ्यासारखा, सळ्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. ब्रश नाही, म्हणून देखभाल कमी. पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, सगळीकडे हीच. दुसरी स्लिप-रिंग. हिच्या रोटरवरही वाइंडिंग असते आणि कार्बन ब्रशमधून बाहेरचा रेझिस्टन्स जोडतात. सुरुवातीलाच मोठा जोर लागतो अशा क्रेनसारख्या कामाला ती घेतात.

घरात सिंगल फेज असते. एका फेजवर क्षेत्र फिरत नाही, म्हणून मोटार नुसती गुणगुणते. तिला जादा वाइंडिंग आणि बहुधा कपॅसिटर देऊन सुरू करावे लागते. भगिनींनो, आपला छताचा साधा पंखा मंद झाला, तर नवा घेण्याआधी कपॅसिटर तपासून घ्या. मिक्सरची मोटार मात्र ब्रशवाली, वेगळ्या प्रकारची.

आता जळण्याविषयी. चालत्या थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला तरी ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, जास्त करंट घेते, तापते आणि वाइंडिंग जळते. नजर लागते म्हणून नव्हे! लिंबू-मिरची बांधून मोटार वाचत नाही; ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर यांनी वाचते. कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण इथेही लागू आहे. रिले ट्रिप झाला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, बायपास तर मुळीच करू नका. मेन स्विच बंद करून कारण शोधा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड १९४४ साली त्यांच्याच काळात स्थापन झाले. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, हा त्यांचा विचार होता. आज नांदगाव पेठेतच २७० मेगावॅटचे पाच संच असलेले औष्णिक केंद्र उभे आहे.

एके काळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला विटाळ होई म्हणे! ज्या खात्यात पगार जास्त, तेच बंद. आज गेट उघडे आहे. पण आत जाऊन जन्मभर झाडू आणि टोपली धरायची की टेस्टर आणि पाना, हे ज्ञानावर ठरणार आहे. दहावी झालेल्या मुला-मुलींना आय.टी.आय.चा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करता येतो. अमरावतीला शासकीय आय.टी.आय. आहे. घरात दहावीचे मूल असेल तर आजच विषय काढा. मुलगी असली तरीही!