लिव्हरचा आजार, पण ईसीजी काढलात का?
घरात कुणाला लिव्हर सिरोसिस आहे? मग त्यांचा ईसीजी शेवटचा कधी काढला, आठवून पाहा. सिरोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या ईसीजीत ‘क्यूटी’ अंतर वाढलेलं दिसतं. म्हणजे एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो. एरवी हे जाणवत नाही. पण घसादुखीची ॲझिथ्रोमायसिन, उलटीची डॉमपेरिडोन हे अंतर आणखी वाढवू शकतात. जुलाबांनी पोटॅशियम घटलं, तर धोका वाढतो. जबलपूरच्या गोहलपुरात काय किंवा तुमच्या गल्लीत काय, या गोळ्या मेडिकलवर सहज मिळतात. परस्पर आणू नका. आधी डॉक्टरांना लिव्हरचा आजार सांगा. चालू औषधंही मनाने बंद करू नका. अचानक धडधड झाली, भोवळ आली, तर लगेच रुग्णालय गाठा.