वाडी विकून घेतलेले नाव

'नीट'चा निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडावे, तर चर्चच्या आवारात त्या दिवशीच्या प्रवचनाविषयी कोणी बोलत नसते. कोणाला किती गुण पडले, एमबीबीएस हुकले काय, आणि हुकले असेल तर बीडीएस कोठे, याचीच चर्चा चाललेली असते. सगळा भर त्या 'कोठे'वर. नवी मुंबईतील एखाद्या चकचकीत अभिमत विद्यापीठाचे नाव निघाले की ऐकणाऱ्यांच्या भुवया कौतुकाने उंचावतात. नागपूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचे नाव निघाले की क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी हळहळते, "अरेरे, एवढ्या लांब?" त्या 'अरेरे'शी आमचे भांडण आहे.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी याच 'अरेरे'पायी पाच गुंठे जमीन विकली. ज्या वाडीत त्यांच्या आजोबांनी रहाटाच्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगवल्या, त्याच वाडीचा रस्त्यालगतचा तुकडा. मुलीला नागपूरची शासकीय जागा मिळत होती. तेथील वार्षिक शुल्क हजारांत मोजण्याचे, खासगी ठिकाणचे लाखांत. तरीही घरात ठरले ते नावाजलेल्या खासगी संस्थेचे. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पोरगी डोळ्यांसमोर राहील, आणि चार लोकांत नाव सांगता येईल." मुलीचे मत काय होते, हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही, याची आज आम्हांस लाज वाटते. आता ती पदवीधर झाली आहे आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ उभी असते. हाती पडतात वीस हजारांच्या आसपास रुपये. विकलेल्या तुकड्यावर चार मजले चढले आहेत.

हा हिशेब जमीन विकणाऱ्याचा झाला. कर्ज काढणाऱ्याचा हिशेब याहून बरा नाही. समजा, शुल्क, वसतिगृह आणि हत्यारे मिळून वर्षाला पाच लाख लागले, तर चार वर्षांचे वीस लाख झाले. दहा टक्के व्याजाने ही रक्कम दहा वर्षांत फेडायची म्हटली, तर महिन्याचा हप्ता सव्वीस हजारांच्या वर जातो. शिकण्याच्या काळात चढलेले व्याज त्यात धरलेलेच नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँका साधारणतः तारण मागतात, म्हणजे घराची कागदपत्रे त्यांच्या कपाटात जातात. वीस हजारांच्या पगारातून सव्वीस हजारांचा हप्ता कसा वजा करायचा, हे गणित आमच्या सुशिक्षित घरांतून कोणी करताना आम्ही पाहिलेले नाही. लग्नाच्या मांडवाचा हिशेब मात्र पैशापर्यंत होतो.

त्यातही एक गोष्ट फारच थोड्या पालकांना ठाऊक असते, म्हणून ती येथे सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय केला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ व्हावे. परंतु ही सवलत राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. खासगी अभिमत विद्यापीठे तीतून वगळलेली आहेत, आणि संस्थेच्या कोट्यातून जागा घेणाऱ्यांनाही ती नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५च्या कायद्याने नेमलेल्या शुल्क नियामक प्राधिकरणापुढे जाते. अभिमत विद्यापीठ त्या कक्षेबाहेर राहते. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश दिल्लीहून होणाऱ्या वेगळ्या समुपदेशन फेऱ्यांतून होतात. एका फेरीचा अर्ज भरताना दुसऱ्या फेरीतील सवलतीचे दार बंद होत आहे, हे सायबर कॅफेत घाईघाईने पसंतीक्रम भरणाऱ्या बापाला कोण सांगणार? उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र यांची आठवण आमच्या घरांना निकालानंतर होते, आणि मग तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवताना फेरी संपून जाते.

आता त्या नावाकडे वळू. महाराष्ट्रातील शासकीय आणि अभिमत नसलेली खासगी दंत महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबईच्या मुलाला जी प्रश्नपत्रिका, तीच नागपूरच्या मुलीला, आणि पदवीही तीच. पुढे एमडीएस करायचे तर पुन्हा देशभराची एकच प्रवेश परीक्षा. तेथे गुण विचारतात, महाविद्यालयाची कमान कोणी विचारत नाही. परदेशाची स्वप्ने आमच्या भागात घराघरांत आहेत, म्हणून तेही सांगून टाकू. इंग्लंडने परदेशी पदवीधरांसाठी स्वतंत्र नोंदणी परीक्षा ठेवली आहे, कॅनडात समकक्षतेची परीक्षामालिका आहे, आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी परीक्षा देऊन वर दोन-तीन वर्षे पुन्हा महाविद्यालयात बसावे लागते. वीस लाख मोजलेली भारतीय पदवी आणि फुकटात मिळालेली भारतीय पदवी यांना या रांगांत शेजारी-शेजारी उभे राहावे लागते.

मग क्रमवारी? २०२० सालापासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत दंत महाविद्यालयांचाही विभाग असतो, आणि पालक तो आकडा देवाच्या शब्दासारखा मिरवतात. त्या गुणांत अध्यापनाबरोबर प्रसिद्ध झालेल्या संशोधन निबंधांना आणि लोकांच्या मतालाही वाटा आहे. जून २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने दक्षिणेतील एका अग्रक्रमी दंत महाविद्यालयाविषयी वृत्त दिले, की तेथे विद्यार्थ्यांकडून ढिगाने निबंध लिहवून घेतले जातात आणि त्यांतून आपल्याच संस्थेचे निबंध उद्धृत केले जातात. संस्थेने गैरप्रकाराचा आरोप नाकारला. खरेखोटे ठरविणारे आम्ही कोण? पण आपल्या गावच्या आजीची दाढ काढायला अशा निबंधांचा उपयोग किती, एवढे तरी विचारायला हरकत नसावी.

नावाला काहीच किंमत नाही, असे आम्ही म्हणत नाही. चांगले प्राध्यापक आणि चांगल्या प्रयोगशाळा काही खासगी संस्थांत खरोखरच आहेत. आणि सरकारी वसतिगृहांच्या गळक्या न्हाण्या व मोडक्या खुर्च्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. परंतु दंतवैद्यक ही हाताची विद्या आहे. पाच वर्षांपैकी शेवटचे वर्ष तर अख्खे आंतरवासितेचे, आणि त्याआधीची दोन वर्षे अर्धी-अधिक रुग्णांच्या खुर्चीपाशी जातात. खुर्चीत रुग्णच नसेल तर संगमरवरी इमारत काय कामाची? शहरापासून दूर, माळरानावर उभ्या राहिलेल्या काही महाविद्यालयांतील आमची मुले सांगतात, की ठरवून दिलेले काम पूर्ण करण्यासाठी रुग्णाचे पैसे त्यांनाच खिशातून भरावे लागतात. कोणी गावाहून मामाला बोलावून त्याच्या दातांवर हात चालवून घेतो. याउलट मुंबई सेंट्रलच्या, १९३३ साली सुरू झालेल्या नायर दंत महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी परिसरात सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहून पाहावे. गरीब माणूस दुखरा गाल धरून जेथे गर्दी करतो, तेथे विद्यार्थ्याचा हात बसतो.

आपल्या देशातील पहिले दंत महाविद्यालय कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले, आणि त्याचा खर्च ते आपल्या सोडा-आइस्क्रीमच्या दुकानातून भागवीत. आमच्या आवारातील परीक्षक मंडळाने त्या काळी त्यालाही 'अरेरे'च म्हटले असते.

राहिला अंतराचा प्रश्न. वसईहून नवी मुंबईला रोज जाणे-येणे म्हणजे घरी राहणे, ही समजूत ज्याने केली त्याने सकाळच्या गर्दीत दादरला गाडी बदलून पाहिलेली नाही. चार-पाच तास प्रवासात घालवून हत्यारांची पेटी सांभाळीत रात्री घरी येणारी मुलगी डोळ्यांसमोर असते ती फक्त जेवणापुरती. आणि नागपूर लांब? आमच्या घरांनी पोरसवदा मुलांना सेमिनरीत पाठविले, मुलींना व्रतस्थ होण्यासाठी केरळ-मंगळुरापर्यंत धाडले, तरण्या मुलांना कुवेत-दुबईच्या विमानात बसविले, आणि आता परिचारिका झालेल्या लेकींना आयर्लंडला निरोप देतो. तेथे अंतर आड आले नाही. ज्या गावाला मुंबईहून रात्री गाडीत बसून सकाळी पोहोचता येते, जेथे कॅथेड्रल आहे, धर्मभगिनी आहेत, आपलीच भाषा आहे, ते गाव मात्र आम्हांस परमुलूख वाटते.

या दोषात आमच्या संस्थांचाही वाटा आहे, आणि तो आम्ही आमच्यापासून मोजतो. गुणगौरव समारंभात सूत्रसंचालक महाविद्यालयाचे नाव ठासून उच्चारतो, पत्रिकेत ते ठळक अक्षरांत छापले जाते, आणि त्या नावासाठी बापाने काय गहाण टाकले ते कोणीच छापत नाही. दंतवैद्यांची आश्रयदाती संत अपोलोनिया. तिच्या हाती चित्रकारांनी पकडीत धरलेला दात दिला आहे, प्रवेशाची पावती नव्हे. ९ फेब्रुवारीला तिचा सण येतो. त्या आठवड्यात एखाद्या धर्मग्रामाने बारावीच्या पालकांना बोलावून, दोन तरुण दंतवैद्यांना समोर बसवून, त्यांचे हप्ते आणि त्यांचा पगार मोकळेपणाने सांगायला लावला, तर चार वाड्या तरी वाचतील. सभागृहाचे भाडे देण्यास आम्ही तयार आहोत.

गेल्या आठवड्यात आणखी एक बाप आमच्याकडे आला होता. खिशात दलालाची चिठ्ठी होती. गुंठ्याचा भाव तिच्यावर लिहिलेला. आम्ही त्यास एवढेच सांगितले, की चिठ्ठी तूर्त बायबलात ठेव आणि मंगळवारी कामाच्या दिवशी मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बाकावर बस. किती खुर्च्यांत माणसे आहेत ते मुलीला मोजू दे. तो निघाला तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिने विचारले, "नागपूरचंही बघायला जायचं का, बाबा?" तिकीट काढून आलो, असे त्याने काल कळविले आहे.